'शेवटी हॅमच कामी येतो' हे पालुपद आता पुरे का?

डायपोल_गच्चीवाला
मंगळवारी रात्री आमच्या नेटला बसलो होतो. (हॅम नसलेल्यांसाठी: हॅम म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर रेडिओवर बोलणारा माणूस, आणि नेट म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर भरणारी आमची बैठक. आंतरजालाशी संबंध नाही.) ४० मिनिटांत २३ जण येऊन गेले. वहीत टिपत होतो म्हणून आकडा पक्का. तेवीसही जणांचं बोलणं एका ओळीत मावेल: "गुड इव्हिनिंग, ऑडिओ छान, पाच-नऊ, घरी सगळे मजेत, सर्वांना सेव्हंटीथ्री." (पाच-नऊ म्हणजे सिग्नल उत्तम, सेव्हंटीथ्री म्हणजे शुभेच्छा.) एकाने पाऊस पडतोय अशी बातमी दिली. ती बाकीच्या बावीस जणांना खिडकीतून दिसतच होती. बरं, रिपीटरवरून (आपला आवाज घेऊन तो जोरात पुढे पाठवणारा संच) समोरच्याला पाच-नऊ देणं म्हणजे त्याचा सिग्नल नव्हे, डोंगरावरच्या रिपीटरचा सिग्नल मोजणं. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी सगळे देतात. मीही दिला.

त्याच आठवड्यात एका शाळेत हॅमवर बोलायला गेलो होतो. नेहमीची टेप लावली: मोबाइल बंद, वीज बंद, रस्ते बंद, तेव्हा शेवटी हॅमच कामी येतो. आठवीतल्या एका पोराने हात वर केला. "काका, तुम्ही कुणाला वाचवलंय?"

मी घसा खाकरला आणि पुढच्या स्लाइडवर गेलो.

परवाना घेऊन सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत मी एकही आणीबाणीचा निरोप पुढे दिलेला नाही. गच्चीवर २० मीटर तार ताणली, ती माकडांनी दोनदा तोडली, सोसायटीच्या सेक्रेटरीला 'याने टीव्ही खराब होत नाही' हे चार वेळा समजावलं, आणि एका पहाटे त्याच तारेवर ब्राझीलचा माणूस ऐकला तेव्हा बायकोला झोपेतून उठवलं. माझा हॅम रेडिओ एवढाच आहे आणि मला तो पुरतो. मग आपण प्रत्येक कार्यक्रमात देवदूताचा आव का आणतो? एनडीआरएफकडे सॅटेलाइट फोन असतात. आपल्याकडे काय आहे? अर्ध्या लोकांकडे फक्त हँडी (हातातला छोटा संच), तिचीही बॅटरी उतरलेली. छंद आहे, छंद म्हणून सांगूया. पोरांना आपत्तीचं गाजर दाखवलं की ती परीक्षा देतात, परवाना येतो आणि हँडी कपाटात जाते.

असहमत असाल तर झोडा.

तात्या_क्यूएसएल
झोडतो.

२६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. भुजचा भूकंप. टेलिफोन गेले होते. आम्ही चौघं एक एचएफ रिग (लांब पल्ल्याचा रेडिओ संच), ट्रकची बॅटरी आणि कोॲक्स केबलचं भेंडोळं घेऊन निघालो. पोचल्यावर डायपोलचं (तारेच्या अँटेनाचं) एक टोक पाण्याच्या टाकीला बांधलं, दुसरं वाकलेल्या खांबाला. एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळते तो आकडा, कमी तितका चांगला) बघायला वेळ नव्हता, तीनच्या वर असणार. पुढचे पाच दिवस आम्ही काय केलं सांगू? शंभर पानी वहीत नावं लिहिली. "अमुकभाई तमुकभाई, सुखरूप, मुंबईच्या भावाला कळवा." एकेक अक्षर फोड करून. पलीकडे मुंबईचा हॅम ते उतरवून घ्यायचा आणि घरच्या लँडलाइनवरून त्या भावाला फोन लावायचा. बस, एवढंच. ढिगाऱ्यातून आम्ही कुणाला काढलं नाही. पण पलीकडचा भाऊ फोनवर रडायला लागला की तो मुंबईकर रेडिओवर दोन मिनिटं गप्प व्हायचा आणि आम्ही समजून घ्यायचो.

आणि २००४? हॅम भारती प्रसाद डीएक्सपिडिशनसाठी (दुर्मीळ ठिकाणी जाऊन तिथून हॅमवर बोलायची मोहीम) पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. म्हणजे छंदासाठीच, तुझ्यासारख्याच. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. त्यांनी छंद बाजूला ठेवला आणि त्याच रिगवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवले. त्या पोराला हे सांगायचं होतंस. घसा काय खाकरतोस.

हजेरीला हसतोस ना? त्या हजेरीमुळेच मला आवाजावरून माणूस कळतो. कुणाकडे इन्व्हर्टर आहे, कुणाची गच्ची उंच आहे, कोण रात्री दोनला उठेल, हे सगळं 'घरी मजेत'मधूनच कळत गेलंय.

डायपोल_गच्चीवाला
तात्या, दंडवत. पण तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. एचएफ रिग, बॅटरी, तार, आणि अक्षराची फोड करता येणारी माणसं. आजच्या नेटवरच्या २३ जणांत हे किती जणांकडे आहे? रिपीटर बंद पडला की आपल्यातले निम्मे मुके. भुज तुमच्या पिढीने केलं. ते श्रेय आम्ही दर कार्यक्रमात आपल्या नावावर खपवतो, एवढीच तक्रार.

साधा_वाचक
हॅम नाही, भाबडा प्रश्न: व्हॉट्सॲप असताना हे कशाला?

कोकणी_कॉइल
@साधा_वाचक, व्हॉट्सॲपला टॉवर लागतो. टॉवरला वीज लागते, नाहीतर डिझेल. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा माझी आत्या तिथे माळ्यावर होती. दीड दिवस फोन नाही. मी रत्नागिरीत हँडी हातात घेऊन बसलो होतो आणि चिपळूणच्या बाजूने ऐकणारं कुणी मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला हॅमचा अभिमान वाटला नाही. लाज वाटली.

म्हणून मी धागाकर्त्याशी निम्मा सहमत. फुशारकी बंद करा, हे बरोबर. पण 'छंदच आहे' म्हणून हात झटकू नका. तालुक्याला दोन माणसं हवीत, जी सोसायटीच्या नव्हे, स्वतःच्या बॅटरीवर बोलतील.

टेप_यागी
मी या धाग्यावरची बहुतेक एकटीच वायएल (बाईमाणूस), आणि वयाने सगळ्यात लहानही असेन. दोन्ही काकांना एक सांगते: मला हॅममध्ये ना आपत्तीने आणलं, ना गप्पांनी.

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला होता. एक किलोच्या आतला. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. हॅम बँडवर बोलणारा उपग्रह आपल्या गावच्या पोरांनी बनवला, हे वाचलं तेव्हा मी शाळेत होते. पुढे कॉलेजात पीव्हीसी पाइप आणि सुताराची स्टीलची मोजपट्टी कापून यागी अँटेना (एका दिशेला रोखायची) केली. पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ऐकलं ते त्याच अँटेनाने. ४३७.८०० मेगाहर्ट्झवर त्यांचा रिपीटर खाली बोलतो, पण स्थानक येताना फ्रिक्वेन्सी सुमारे १० किलोहर्ट्झ वर सरकलेली असते आणि जाताना तेवढीच खाली. डॉप्लर पुस्तकात शिकले होते. इथे तो डाव्या हाताच्या अंगठ्याने शिकले, कारण उजव्या हातात अँटेना होती. दहा मिनिटांत सगळं आटोपतं. मग मान दुखते.

हे कळल्यावर हौसेने मंगळवारच्या नेटवर गेले. कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारी ओळख) सांगितला. उत्तर काय आलं? "वा, आज वायएल आली, नेटची शोभा वाढली." मी अँटेनाबद्दल बोलायला लागले तर "छान छान, पुढचं स्टेशन". तात्या, हजेरीतून माणूस कळतो म्हणता. मला त्या नेटवर कोणी विचारलंही नाही की माझ्याकडे बॅटरी आहे का. आहे. ४२ ॲम्पिअर-अवरची.

तात्या_क्यूएसएल
शोभा वाढली म्हणणारा मी नव्हतो ना?

टेप_यागी
नाही तात्या. तुम्ही "यागी किती एलिमेंटची?" विचारलं होतंत. तेवढ्यात रिपीटर टाइमआउट झाला.

एफटीएट_नको
मूळ दुखणं वेगळंच आहे. २०१७ मध्ये ते एफटीएट (कॉम्प्युटरनेच रेडिओवरून छोटे ठरावीक निरोप पाठवायची पद्धत) आलं आणि बोलणं संपलं. १५ सेकंद याचा कॉम्प्युटर, १५ सेकंद त्याचा कॉम्प्युटर. माणूस चहा पितोय. १०० देश झाले म्हणून चौकटीत सर्टिफिकेट. एकाही देशातल्या माणसाचं हवापाणी विचारलेलं नाही. आम्ही क्यूएसएल कार्ड (बोलणं झाल्याची पावती म्हणून टपालाने जाणारं) हाताने लिहायचो, वर त्यांच्या टपाल तिकिटाचं अप्रूप.

बाल्कनी_५_वॉट
असहमत. तीव्र असहमत.

चौथा मजला, गच्चीला कुलूप, किल्ली कमिटीकडे, कमिटी मला ओळखत नाही. माझी अँटेना म्हणजे बाल्कनीच्या ग्रिलमधून बाहेर काढलेली एनॅमलची वायर. तीही कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी दिसावी म्हणून वर दोन चिमटे. यातून ५ वॉटवर व्हॉइसने नाशिकसुद्धा होत नाही. एफटीएटवर जपान होतं, कारण कानाला ऐकूच येणार नाही असा सिग्नल ते गोंगाटातून उकरून काढतं. ज्या जो टेलरनी ते बनवलं (स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत), त्यांना पल्सारच्या कामासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालंय. त्यांनाही म्हणणार का 'हा खरा हॅम नाही'?

ज्यांच्याकडे बंगला आणि टॉवर आहे त्यांनी शुद्धतेच्या गप्पा माराव्यात.

एफटीएट_नको
टॉवर नाही हो. नारळाचं झाड आहे. पण चिमट्यांची आयडिया भारी.

जर्सीकर
न्यू जर्सीहून. इथली गंमत ऐका. अमेरिकेत सात लाखांच्या वर परवानाधारक आहेत आणि वाद हाच: छंद की सेवा? पण १९३३ पासून इथे फील्ड डे होतो, जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी. आमचा क्लब एका बागेत तंबू ठोकतो. घरची वीज वर्ज्य, जनरेटर किंवा सोलर. २४ तास जमतील तेवढी स्टेशन्स गाठायची. कागदावर गुण मिळतात, प्रत्यक्षात मिळतात ते डास आणि बर्गर. (आमच्या तंबूत बटाटेवडे. गोऱ्या मंडळींची रांग लागते.)

म्हणायला स्पर्धा. पण रात्री तीनला जनरेटर बसला तेव्हा अंधारात कोणाला फ्यूज सापडली आणि कोण फक्त ओरडत होतं, हे क्लबला कायमचं कळलं. मी ओरडणाऱ्यांत होतो. तुम्ही छंद की आपत्ती असं पानात वेगवेगळं का वाढताय?

नियमांचा_बाळू
एक कायद्याचं बोलतो, कोणाला आवडणार नाही. सह्याद्रीत ट्रेकला जाणारे ग्रुप स्वस्त चिनी हँडी घेऊन हॅम बँडवर बिनपरवाना बोलतात, आणि विचारलं की 'इमर्जन्सीसाठी आहे' म्हणतात. हे आपल्याच भाषणांचं पीक. परीक्षा द्या, कॉलसाइन घ्या, मग बोला. वय १२ पूर्ण असलं की परीक्षा देता येते. दुसरं, हॅमवर धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत. परवा नेटवर एकाने फ्लॅटची जाहिरात केली. टू बीएचके.

डायपोल_गच्चीवाला
तो फ्लॅट गेला म्हणे, बाळू.

असो. कोकणी_कॉइलचं लाज वाटली हे वाक्य दोन दिवस डोक्यातून गेलं नाही. जर्सीकरांचंही पटलं. तर पैज लावतो. येत्या रविवारी सकाळी ७ ते ९, रिपीटर कोणी वापरायचा नाही. फक्त सिम्प्लेक्स, हँडी टू हँडी, स्वतःच्या बॅटरीवर. कात्रजहून लोहगावला एक निरोप पोचवायचा. मधे टेकड्या, इमारती आहेत, थेट होणार नाही, तेव्हा माणसं मधे उभी करा. फोनला हात लावायचा नाही. निरोप अक्षरशः जसाच्या तसा पोचला तर मी 'शेवटी हॅमच' हे भाषण आयुष्यभर देईन. नाही पोचला तर तात्यांनी द्यायचं बंद करायचं.

तात्या_क्यूएसएल
मंजूर. मी पर्वतीवर. गुडघे दुखतात, पण १०३ पायऱ्याच आहेत.

टेप_यागी
मी वेताळ टेकडी. यागी आणते.

डायपोल_गच्चीवाला
(रविवार, सकाळी १०:२०)
निकाल. कात्रजहून मी निरोप सोडला: "शाळेत ६२ माणसं, इन्सुलिन फोर्टी कुप्या, दोन गरोदर, होडी नको ट्रॅक्टर पाठवा." लोहगावला वहीत उतरलं: "शाळेत ६२ माणसं, इन्सुलिन १४ कुप्या, दोन गरोदर, होडी नको ट्रॅक्टर पाठवा."

फोर्टीचं फोर्टीन. बाकी शब्द न् शब्द बरोबर. वेळ ११ मिनिटं, त्यातली चार मिनिटं एक काका सर्वांना गुड मॉर्निंग म्हणत होते.

मी जिंकलो असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. चूक माझ्याच तोंडची होती.

तात्या_क्यूएसएल
अंक सुटे बोलायचे असतात रे. फोर, झिरो. भुजला पहिल्याच दिवशी शिकलो, तेही एका घराचा नंबर चुकवून. आणि घेणाऱ्याने निरोप परत वाचून दाखवायचा. आज एकानेही वाचला नाही. मीसुद्धा नाही.

टेप_यागी
मी टेकडीवरून 'रिपीट नंबर' म्हणाले होते. माझ्यावर कोणीतरी बोललं. तेच गुड मॉर्निंग.

बाल्कनी_५_वॉट
पुढच्या रविवारी मी येतो. हँडी नाही, उसनी मिळेल?

कोकणी_कॉइल
चिपळूण-रत्नागिरीचं असंच करूया. माझ्याकडे एक माणूस तयार झालाय. त्याला परीक्षेचा अभ्यास कोण करून घेईल?

नियमांचा_बाळू
मी.

डायपोल_गच्चीवाला
ठीक. पुढचा रविवार, सकाळी ७. अंक सुटे, निरोप परत वाचायचा, नेट कंट्रोल टेप_यागी. तिने 'थांबा' म्हटलं की थांबायचं. आणि ज्यांनी नेटची शोभा वाढवली होती त्या काकांची ड्यूटी वेताळ टेकडीवर. पायी.