एस्टीम एमपीएफआय: मिक्स्चरचा स्क्रू नेमका कुठं असतो?

पन्हाळा_रोड

नमस्कार मंडळी. बाबांची २००६ ची एस्टीम आहे, एमएच ०९ पासिंग, १ लाख १८ हजार किलोमीटर झालंय. बाबा गेल्यापासून मी चालवतो, विकायची अजिबात नाही. गेल्या तीन महिन्यांत ॲव्हरेज १४ वरून ९ वर आलं. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं की काजळी लागते, सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोलचा वास येतो. परवा पीयूसीला गेलो तर धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) २.४ टक्के आला. मर्यादा ०.५. सर्टिफिकेट मिळालं नाही.

एका गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडीवरचा स्क्रू फिरवून दिला. आयडलिंग (गाडी उभी असतानाची रेस) ११०० आरपीएमवर गेलं, सीओ तिथंच. दुसरीकडं सांगितलं की ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळं होतंय, जुन्या गाड्यांना आता इलाज नाही. एप्रिलात गाडी एकदा गरम झाली होती, तेव्हा वरचा होज आणि रेडिएटरचं पाणी बदललं. त्यानंतर टेम्परेचरचा काटा कधीच वर गेला नाही, त्यामुळं ती बाजू ठीक आहे.

हवा-पेट्रोलच्या मिक्स्चरचा स्क्रू कुठं असतो आणि किती आटे फिरवायचा, कुणी सांगेल का?

कागलकर

ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेला असणार. माझ्या झेनला हेच झालं होतं, बदलल्यावर गाडी सुधारली. स्क्रूच्या नादाला लागू नका.

उद्यमनगरचा_मेस्त्री

भावा, आधी पाना खाली ठेव. तू शोधतोयस तो स्क्रू तुझ्या गाडीला नाहीच.

मी शिकलो ते पद्मिनी आणि जीपच्या कार्बोरेटरवर. तिथं मिक्स्चरचा स्क्रू पूर्ण आवळायचा, दीड आटा सोडायचा आणि मग कानानं ऐकत पाव-पाव आटा फिरवायचा. तुझी गाडी एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटर नाही, इंजेक्टर पेट्रोल फवारतात; तिथं ते काम ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, करतो. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे तो सेन्सर बघून ठरवतो. थ्रॉटल बॉडीवरचा स्क्रू फक्त आयडलिंगच्या हवेचा. तो सोडला की हवा वाढते, ईसीयू त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल वाढवतो, रेस वाढते, मिक्स्चर होतं तसंच राहतं. म्हणून तुझं ११०० झालं आणि सीओ हलला नाही.

ई२० चं म्हणशील तर उलटा हिशेब आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे पेट्रोल तेवढंच सोडलं तर ई२० वर मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होईल, काजळी धरणार नाही. ॲव्हरेज थोडं कमी होतं हे खरं, पण १४ चं ९ होत नाही. आपल्याच उसावर उगाच आळ नको.

आता तुझं शेवटचं वाक्य. काटा कधीच वर जात नाही, हे ठीक नाही, तिथंच मला शंका आहे. एप्रिलात गाडी गरम झाली तेव्हा कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला असेल. आपल्याकडं ही फार वाईट सवय आहे. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढायचा, गिऱ्हाईक खूश. पण मग पाणी सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरत राहतं, त्यात हा पावसाळा, इंजिन कधी पुरतं तापतच नाही. कूलंट टेम्परेचर सेन्सर ईसीयूला सांगतो की इंजिन अजून थंड आहे, आणि ईसीयू चोक ओढल्यासारखं जादा पेट्रोल सोडत राहतो. इंजिन तापल्याशिवाय तो ऑक्सिजन सेन्सरवर विसंबत नाही, म्हणून तो सेन्सर आत्ताच बदलू नकोस.

मल्टिमीटर घे. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून ये, इंजिन बंद कर, टेम्परेचर सेन्सरचा कपलर काढ आणि सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोज. ८० अंशाला तीनशे ते साडेतीनशे ओहम हवेत. २० अंशाला तोच सेन्सर अडीच हजाराच्या आसपास दाखवतो. काय येतं ते कळव.

आणि ऑइलची डिपस्टिक काढून वास घे.

पन्हाळा_रोड

मेस्त्री, काल पावसात पन्हाळ्याला जाऊन आलो आणि आल्या आल्या मोजलं. ८०० ओहम. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आहे, ऑइल पाण्यासारखं पातळ.

उद्यमनगरचा_मेस्त्री

८०० म्हणजे साधारण ५० अंश. घाट चढून आलेलं इंजिन ५० अंशाला! थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघड, आत काही नसणार. ८२ अंशाला उघडणारा थर्मोस्टॅट मिळेल, सोबत नवीन गॅस्केट घे. नुसतं पाणी नको, कूलंट भर आणि हवा नीट काढ. एप्रिलात गाडी का तापली तेही बघून घे: रेडिएटर चोंदलाय का, फॅन वेळेवर लागतो का. नाहीतर पुन्हा तापली की पुन्हा कुणीतरी थर्मोस्टॅट काढेल.

ऑइल आणि फिल्टर आजच बदल, हे टाळू नको. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगा झिजतात. सायलेन्सरच्या लाइनीतला धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टरही याच पेट्रोलानं जळतो, तो गेला तर खर्च मोठा आहे.

पन्हाळा_रोड

उघडलं. जागा रिकामीच होती, जुन्या गॅस्केटचे तुकडे तेवढे चिकटलेले. बाबांनी वीस वर्षांत गाडीतला एक बोल्ट कधी कमी होऊ दिला नव्हता, ते बघून वाईट वाटलं.

थर्मोस्टॅट, कूलंट, ऑइल, फिल्टर सगळं नवीन. प्लग काळे पडले होते, तेही बदलले. रेडिएटर बाहेरून मातीनं गच्च भरला होता, धुऊन घेतला, फॅन व्यवस्थित लागतो. आता दहा मिनिटांत काटा निम्म्याच्या जरा खाली येऊन थांबतो. सेन्सर ३२० ओहम. पीयूसीत सीओ ०.२८ आला, सर्टिफिकेट मिळालं. ॲव्हरेज टाकी फुल करून मोजतोय.

आयडलिंग अजून ११०० आहे. तो स्क्रू किती आटे फिरवला होता ते त्या गॅरेजवाल्याला आठवत नाही.

उद्यमनगरचा_मेस्त्री

आटे मोजायची गरज नाही. इंजिन पुरतं तापू दे, रेडिएटरचा फॅन बंद, एसी बंद, लाइट बंद. मग हळूहळू आवळत ये आणि साडेआठशेच्या आसपास थांब. बाजूचा थ्रॉटल स्टॉपचा स्क्रू मात्र हलवायचा नाही, तो कंपनीनं सेट केलेला असतो. झाल्यावर रबरी टोपी परत बसव, नाहीतर भोकात धूळ जाते.