नायट्रोजनच्या रेणूतील कंपनाचा वाटा कुठे जातो?

प्रश्न : ऊर्जेच्या समविभाजन नियमानुसार (ऊर्जा साठवण्याच्या प्रत्येक स्वतंत्र मार्गाला, म्हणजे मुक्तिमात्रेला, समान वाटा मिळतो) नायट्रोजनच्या रेणूला स्थानांतरणाच्या ३, परिवलनाच्या २ आणि कंपनाच्या २ मुक्तिमात्रा धरल्यास, स्थिर घनफळाची मोलर विशिष्ट उष्णता (घनफळ न बदलता एक मोल वायू एक केल्व्हिनने तापवायला लागणारी उष्णता) सुमारे २९ जूल प्रति केल्व्हिन यायला हवी, प्रत्यक्षात ती २०.८ च भरते. असे का?

पहिले उत्तर : कंपनाला वाटा मिळतच नाही. त्याची ऊर्जा ठरावीक टप्प्यांनीच वाढते आणि पहिलाच टप्पा, खोलीच्या तापमानाला, बोल्ट्झमन स्थिरांक व तापमान यांच्या गुणाकाराच्या (म्हणजे रेणूला उष्णतेतून साधारणपणे मिळणाऱ्या ऊर्जेच्या) सुमारे ११ पट उंच असल्याने जवळजवळ सगळे रेणू तळाशीच राहतात.

दुसरे उत्तर : हायड्रोजन याहून बोलका आहे. ५० केल्व्हिनच्या आसपास त्याचे परिवलनही गोठते, म्हणजे त्यालाही ऊर्जेचा वाटा मिळत नाही, आणि विशिष्ट उष्णतेच्या बाबतीत तो एकट्या अणूंच्या, फक्त स्थानांतरण असलेल्या हेलियमसारखा वागतो.

प्रश्नकर्ता : मग रेणूच्या अक्षाभोवतीचे परिवलन का धरत नाहीत?

पहिले उत्तर : पुस्तके हे घाईने उरकतात खरी. अणुकेंद्रे अक्षावरच असल्याने जडत्व आघूर्ण (फिरवण्याला होणारा विरोध) अत्यल्प असते आणि ते जितके कमी तितका ऊर्जेचा टप्पा मोठा, म्हणून तिथला टप्पा प्रचंड मोठा.