छायाचित्रणाला नावं ठेवण्याआधी टीव्हीची सेटिंग बघा

सिनेमा आवडला, पण दिसायला रोजच्या मालिकेसारखा गुळगुळीत आणि स्वस्त वाटला, या तक्रारीत बहुतेक वेळा कॅमेरामन बिचारा निर्दोष असतो. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये आणखी फ्रेम स्वतःच बनवून घुसडतो, म्हणून चित्र असं गुळगुळीत दिसतं. पळणाऱ्या माणसाच्या हातापायांभोवती पाणी हलल्यासारखी कड दिसली, की चोर सापडला.

पिक्चर सेटिंगमध्ये सोनीवर 'मोशनफ्लो', एलजीवर 'ट्रूमोशन', सॅमसंगवर 'पिक्चर क्लॅरिटी' शोधा आणि बंद करा. सिनेमा बनवणाऱ्याला हवा तसाच दाखवणारा 'फिल्ममेकर मोड' असेल तर उत्तमच. चित्र आधी पिवळट वाटेल, पण डोळे लवकर सरावतात. एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवून दाखवणारे चित्राचे प्रकार) यांची सेटिंग बऱ्याच टीव्हींवर वेगळी साठवली जाते, म्हणून तसा सिनेमा चालू असताना पुन्हा तपासा. इथेच बरेचजण फसतात.

बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना झटके जाणवू शकतात. 60 ला 24 ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर एक फ्रेम दोनदा तर पुढची तीनदा दिसते. फारच खुपलं तर ती फ्रेम घुसडायची सोय पूर्ण बंद न करता अगदी कमीवर ठेवा. खेळांचे सामने बघताना मात्र ती खुशाल चालू असू द्या.