आयबीएसवर मानसोपचार: म्हणजे त्रास मनाचाच का?

प्रश्न: गेली तीन वर्षे मला आयबीएसचा, म्हणजे वारंवार पोट दुखून शौचाच्या तक्रारी होणाऱ्या आतड्याच्या विकाराचा, त्रास आहे, रक्ताच्या व शौचाच्या तपासण्यांत आणि कोलोनोस्कोपीत काहीही दोष निघालेला नाही. महत्त्वाची बैठक असली की दाराबाहेरच पोटात मुरडा येतो. आता डॉक्टरांनी मानसोपचार सुचवला आहे. हा सारा मनाचा खेळ आहे, असे त्यांना म्हणायचे आहे का?

उत्तर १: मुळीच नाही. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे स्वतंत्र जाळे असते आणि त्याचा मेंदूशी दोन्ही दिशांनी संवाद चालतो. आयबीएसमध्ये तो बिघडल्याने पोटातला साधा वायूही कळ म्हणून जाणवू शकतो. वेदना खरीच असते. अशा मानसोपचारांपैकी एक असलेल्या संमोहनाचे नाव ऐकून मीही हसलो होतो, पण मँचेस्टरचे पोटविकारतज्ज्ञ पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ३० रुग्णांच्या चाचणीत, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या तीव्र आजारातही संमोहनाने ठळक आराम पडला होता.

उत्तर २: मला सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणाऱ्या उपचाराचा, उपयोग झाला. कळ किती वाजता आली आणि त्याआधी मनात काय होते, याची वही ठेवायची होती. बाहेर पडण्यापूर्वी तीन-तीनदा शौचाला जाण्याची माझी सवयच भीती पोसत होती, हे त्या नोंदींतून उमगले. मुरडा अजूनही येतो. धास्ती मात्र ओसरली आहे.

उत्तर ३: वजन घटू लागले किंवा शौचातून रक्त गेले, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.