जुन्या कंपनीकडून फॉर्म १६ ची पीडीएफ मिळेना (सोसायटी ग्रुप, जुलै २०२५)

बी-७०२: नमस्कार मंडळी, पाण्याचा विषय चालू असताना मधेच विचारतोय सॉरी, पण कुणाला माहीत असेल तर सांगा. मी डिसेंबरला जॉब बदलला. नवीन कंपनीने फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला, जूनमध्येच पोर्टलवर टाकला, पण जुन्या कंपनीचा अजून नाही. एचआरला फोन केला तर म्हणे तुमच्या ऑफिसच्या मेलवर पाठवलाय. आता तो मेल आयडी तर त्यांनीच लास्ट वर्किंग डेला संध्याकाळी सहा वाजता बंद केला!!

सी-६०३: म्हणजे कुलूप लावलेल्या घराच्या आत चिठ्ठी टाकली 😂

ए-५०१ ताई: असंच असतं सगळीकडे. आमच्या ह्यांना २०१९ ला कागदावरच दिला होता, निळ्या शाईत सही करून, तेच बरं होतं.

बी-२०१: माझा मिळालाय. हा घे, असा दिसतो बघ.
(फाइल: फॉर्म १६ पीडीएफ, ८ पाने)

सी-४०४: अहो काका ते डिलीट करा आधी!! त्याच्यात तुमचा पॅन, पत्ता, पगार सगळं आहे, ग्रुपवर १४० लोक आहेत

बी-२०१: अरे बापरे. कसं करायचं डिलीट

सी-४०४: फाइलवर बोट दाबून धरा, वरती कचऱ्याचा डबा येईल, मग डिलीट फॉर एव्हरीवन. फॉर मी दाबू नका, मग फक्त तुम्हालाच दिसणार नाही आणि आम्हाला दिसत राहील

बी-२०१: फॉर मी दाबलं गेलं

सेक्रेटरी: मी अ‍ॅडमिन म्हणून काढली आहे. कृपया कोणीही वैयक्तिक कागदपत्रे ग्रुपवर टाकू नयेत 🙏

सी-६०३: काका पगार चांगलाय हां तुमचा

ए-१०३ काका: बी-७०२, जेवत होतो म्हणून आत्ता बघितलं. मी ३१ वर्षं पगाराच्या टेबलवर काढली आहेत त्यामुळे नीट सांगतो, थोडं लांब होईल. पहिली गोष्ट म्हणजे फॉर्म १६ देणं ही कंपनीची मेहेरबानी नाही, आयकर कायद्याचं कलम २०३ आहे, टॅक्स कापला की दाखला द्यायचाच आणि पगाराच्या बाबतीत तो १५ जूनपर्यंत द्यायचा. कंपनीने कापलेल्या टॅक्सचं शेवटच्या तिमाहीचं रिटर्न म्हणजे २४क्यू ३१ मेपर्यंत भरायचं असतं, त्यानंतर ट्रेसेसवरून, म्हणजे आयकर खात्याच्या टीडीएसच्या साइटवरून, दाखला डाउनलोड होतो, म्हणून ती १५ जून तारीख. यंदा आपली रिटर्नची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर केली ना, तर बऱ्याच एचआरवाल्यांना वाटतंय फॉर्म १६ ची पण पुढे गेली, ती नाही गेलेली. दाखला दिला नाही तर दिवसाला ५०० रुपये दंड आहे, २०२२ च्या आधी १०० होता.

बी-७०२: काका मग मीच ट्रेसेसवरून डाउनलोड करू का, तिथे माझं लॉगिन होतं की

ए-१०३ काका: इथेच सगळे फसतात. तिथे तुला २६एएस, म्हणजे तुझ्या पॅनवर जमा टॅक्सचा उतारा, दिसेल पण फॉर्म १६ दिसणार नाही, तो फक्त कापणारा म्हणजे कंपनी काढू शकते त्यांच्या टॅनवरून, टॅन म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर. तू कितीही क्लिक केलंस तरी मिळायचा नाही. गूगलवर 'पॅन टाका फॉर्म १६ मिळवा' असल्या साइट दिसतात त्यांच्या तर वाट्यालाही जाऊ नकोस

सी-४०४: मी एचआरमध्येच आहे म्हणून आतली गोष्ट सांगते, रागावू नका कुणी. सोडून गेलेल्या लोकांच्या फाइली आमच्याकडे वेगळ्या फोल्डरला पडतात. पेरोल बाहेरच्या एजन्सीकडे असतं, ते एकगठ्ठा मेल सोडतात सिस्टीममधल्या आयडीवर, परत आला की नाही कोणी बघत नाही. फोन करून काही होत नाही, समोरचा 'हो बघते' म्हणतो आणि विसरतो, मी स्वतः विसरलेली आहे. मेल कर. त्यात एम्प्लॉयी कोड, पॅन, शेवटचा दिवस आणि पर्सनल मेल आयडी, चार गोष्टी एकाच मेलमध्ये, म्हणजे कुणाला परत विचारावं लागत नाही. आणि एचआरबरोबर फायनान्सला पण टाक, टॅनचं लॉगिन त्यांच्याकडे असतं.

बी-७०२: वहिनी थँक्यू, हे आधी कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे फोन करत बसलो नसतो

ए-१०३ काका: आणि मेलमध्ये लिही की डिजिटल सहीची पीडीएफ पाठवा, स्कॅन नको. पुष्कळ ठिकाणी प्रिंट काढतात, सही करतात, मोबाइलने फोटो काढून पाठवतात, त्यातला कोपरा नेमका कापलेला असतो आणि तिथेच सर्टिफिकेट नंबर असतो. डिजिटल सही चालते, वर शिक्का वगैरे काही लागत नाही.

बी-३०३: काका माझ्या पीडीएफवर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह येतंय, बँकवाले म्हणतात व्हेरिफाय झालेलं आणा. कंपनीने खोटी सही केली का

ए-१०३ काका: नाही रे. तुझा कॉम्प्युटर त्या सहीला ओळखत नाही एवढाच अर्थ. मोबाइलवर उघडू नकोस, तिथे बहुतेक वेळा काही कळतच नाही. कॉम्प्युटरवर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघड, सहीवर राइट क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, मग सर्टिफिकेट दाखव, ट्रस्टच्या टॅबमध्ये जाऊन ट्रस्टेडमध्ये घाल, ओके, आणि परत व्हॅलिडेट कर. हिरवी टिक आली की प्रिंट काढ.

बी-३०३: आली!!! हिरवी आली

सी-६०३: बँकेला टिक पाहिजे, माणूस नाही

ए-५०१ ताई: माझा एक प्रश्न. मुलीची पहिली नोकरी, टॅक्स काही कापलेला नाही, कंपनी म्हणते फॉर्म १६ देणार नाही. एज्युकेशन लोनवाल्यांना काहीतरी हवंय. भांडायचं का?

ए-१०३ काका: भांडू नका ताई, टॅक्स कापलाच नसेल तर फॉर्म १६ द्यायची सक्ती नाही त्यांच्यावर. पगाराचा दाखला मागा, सॅलरी स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जोडा. पण तिला रिटर्न मात्र भरायला सांगा, शून्य टॅक्स असला तरी, तीच पुढे कामाला येते.

सेक्रेटरी: ह्यावरून आठवलं, आपले ऑफिसमधले मॅनेजरसुद्धा सोसायटीकडून फॉर्म १६ मागत आहेत होम लोनसाठी. कमिटीने काय करावे?

ए-१०३ काका: तेच की. आपण त्यांचा टॅक्स कापत नाही तर ट्रेसेसवर निघणार काय? लेटरहेडवर पगाराचा दाखला द्या. उलट सिक्युरिटी एजन्सीच्या बिलातून आपण कापतो, त्यांना दर तिमाहीला १६ए, म्हणजे पगार सोडून बाकी पेमेंटवर कापलेल्या टॅक्सचा दाखला, द्यायला लागतो, तो गेल्या वेळचा दिलाय का तेवढं बघा.

सेक्रेटरी: बघतो.

सी-६०३: म्हणजे नाही दिला 😀

सी-२०५: टँकर आला का कुणी सांगेल का

बी-७०२: काका समजा त्यांनी दिलाच नाही तर? रिटर्न अडकणार का माझं

ए-१०३ काका: अजिबात नाही. रिटर्नला कुठलाही कागद जोडायचा नसतो. आयकरच्या साइटवर लॉगिन कर, ई-फाइलमध्ये २६एएस बघ, तिथे जुन्या कंपनीचं नाव, टॅन आणि महिन्यामहिन्याला किती कापले किती भरले सगळं दिसतं. एआयएस म्हणजे तुझ्या वर्षभराच्या व्यवहारांचं सरकारी पत्रक, ते पण उघड, त्याच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे पॅन स्मॉल लेटरमध्ये आणि पुढे जन्मतारीख. हे आणि सॅलरी स्लिपा असल्या की काम होतं. फॉर्म १६ चा पार्ट ए म्हणजे तरी काय, तेच तिमाहीचे आकडे. पार्ट बी मध्ये पगाराची फोड असते, भत्ते, वजावट वगैरे, ती स्लिपवरून जुळवायला वेळ लागतो म्हणून हवा, एवढंच. खरं म्हणजे मी तर म्हणेन दाखला मिळाला तरी २६एएस आधी बघावं, कारण स्लिपमध्ये कापलेला दिसतो आणि सरकारकडे भरलेलाच नसतो अशी उदाहरणं मी पाहिली आहेत, आमच्याच बिल्डिंगमध्ये मागे एकाचं झालं होतं.

सी-४०४: मग तसं झालं तर काका पैसे परत भरायचे?

ए-१०३ काका: कलम २०५ प्रमाणे जो टॅक्स पगारातून कापला गेलाय तो तुमच्याकडून परत मागता येत नाही. पण सिद्ध करायला स्लिपा लागतात, आणि स्लिपा कुठे असतात, बंद झालेल्या पोर्टलवर. नोकरी सोडायच्या आधी सगळ्या स्लिपा पर्सनल मेलवर घ्याव्यात, आमच्या वेळी कपाटात असायच्या, वाळवी लागली तरी निदान दिसायच्या.

(दोन दिवसांनी)

बी-७०२: आला आला!! वहिनींनी सांगितला तसाच मेल टाकला, फायनान्सला सीसी केलं, आज दुपारी पीडीएफ आली, टिक पण हिरवी आहे. ए-१०३ काका तुम्हाला माझ्याकडून चहा.

ए-१०३ काका: छान. आता दोन्ही फॉर्म १६ समोरासमोर ठेव आणि एक सांग, नवीन कंपनीला जॉइन होताना फॉर्म १२बी दिला होतास का, आधीचा पगार कळवणारा?

बी-७०२: १२बी? जॉइनिंगला खूप फॉर्म होते, हा नव्हता बहुतेक

ए-१०३ काका: मग दोघांनीही तुला ३ लाखांची सूट आणि ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन दिलंय, दोनदा. समजा २०२४-२५ ची नवी रिजीम म्हणजे नवी करपद्धत, महिन्याला लाख पगार. वर्षाचे १२ लाख, वजा ७५ हजार, ११ लाख २५ हजार. त्यावर टॅक्स ६८,७५०, सेस धरून ७१,५००. जुन्याने दर महिन्याला त्या हिशेबाने कापून डिसेंबरपर्यंत ५३,६२५ कापले. नवीन कंपनीला तू तीन महिन्यांचा तीन लाखवाला माणूस, त्यांनी शून्य कापला. बाकी किती?

बी-७०२: १७,८७५. काका 'समजा' म्हणताय पण आकडे जवळपास तेच आहेत 😶

ए-१०३ काका: दहा हजारांच्या वर आहे म्हणून त्यावर आगाऊ टॅक्स न भरल्याचं एप्रिलपासून महिन्याला एक टक्का व्याज, ते रिटर्नच्या आधी भरून टाक. आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते वेळेवर न भरल्याचं व्याज, वेगळं कलम, थोडंसंच येईल.

बी-७०२: पीडीएफ मिळत नव्हती तेच बरं होतं

सेक्रेटरी: बी-७०२, आपले जुलैचे मेंटेनन्सही बाकी आहे. कृपया १० तारखेनंतरच्या व्याजासह भरावे.

सी-२०५: टँकर आला का?