चितळाच्या शिंगांवरून वय ओळखता येते का?

पाणवठा (प्रश्न)

उन्हाळ्यात ताडोब्याच्या मोहर्ली भागात चितळांचा एक मोठा कळप रस्त्यालगत बराच वेळ पाहायला मिळाला. त्यातल्या एका नराची शिंगे लांब, डौलदार बाक घेतलेली आणि टोकांशी घासून पांढुरकी झालेली होती. दुसऱ्याच्या डोक्यावर नुसत्या वीतभर काड्या होत्या. तिसऱ्याची शिंगे अजून मखमलीत, म्हणजे वाढत्या शिंगावरच्या लवदार कातडीत, होती, पण अंगाने तो पहिल्याइतकाच भरलेला होता. सोबतच्या गाइडने सांगितले, की शिंगाला दरवर्षी एक नवी फांदी फुटते, म्हणून फांद्या मोजल्या की वय कळते. हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. परंतु त्या हिशेबाने कळपातला प्रत्येक थोराड नर तीनच वर्षांचा ठरतो, कारण तीनपेक्षा जास्त टोके मला एकाही शिंगाला दिसली नाहीत.

तेव्हा वयाबरोबर शिंगांत नेमके काय बदलते, म्हातारपणी ती आणखी वाढतात की घटतात, आणि मखमलीतल्या त्या तिसऱ्या नराला तरुण समजावे काय, हे जाणकारांनी सांगावे. फोटो आहेत, पण त्यांत पाहायचे काय ते कळत नाही.

तेंदूपान

फांद्या मोजण्याचा हिशेब चितळाला लागू पडत नाही, आणि त्याचे कारण आपल्या प्रश्नातच आले आहे. चितळाच्या पूर्ण वाढलेल्या शिंगाला तीनच टोके असतात: कपाळाजवळून पुढे येणारी एक फांदी, आणि वर मुख्य दांडा दुभंगून झालेली दोन टोके, ज्यांतले बाहेरचे बहुधा अधिक लांब असते. पहिली जोडी साधारणपणे बिनफांदीच्या काड्यांची असते, दुसऱ्या जोडीला आखूड फांद्या फुटतात, आणि त्यानंतरच्या एकदोन जोड्यांत तिन्ही टोके नीट आकाराला येतात. तिथून पुढे टोकांची संख्या थांबते. काही थोराड नरांच्या पहिल्या फांदीच्या बेचक्यात बारीकसारीक जादा टोके निघतात खरी, पण ती नियमाने येत नाहीत, म्हणून ती मोजण्यात अर्थ नाही.

हे असे का, ते समजण्यासाठी शिंग कसे तयार होते हे पाहावे लागेल. काळविटाचे किंवा नीलगाईचे शिंग जन्मभर टिकते आणि बुडाकडून वाढत राहते. चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा यांचे शिंग म्हणजे निव्वळ हाड; ते ठरावीक काळाने गळून पडते आणि पुन्हा पहिल्यापासून उगवते. वाढत असताना त्यावर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेली, बारीक लव असलेली कातडी असते, हीच मखमल. शरीरातील टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक वाढले की हाड कठीण होते, मखमलीचा रक्तपुरवठा थांबतो आणि नर झाडाझुडपांवर शिंगे घासून ती सोलून काढतो. टेस्टोस्टेरॉन उतरले की शिंगाच्या बुडाशी हाड झिजू लागते आणि शिंग निखळते. शिंगे मखमलीत असताना एखाद्या नराचे वृषण निकामी झाले, तर ती पुढे कधीच सोलली जात नाहीत, यावरून हा संबंध किती घट्ट आहे ते दिसते.

प्रत्येक जोडी नव्याने घडत असल्यामुळे मागच्या वर्षीच्या शिंगाचा काहीही अंश पुढच्या शिंगात उरत नाही. कायम राहतो तो फक्त कवटीवरचा हाडाचा खुंट, ज्यावर शिंग उभे असते, आणि म्हणून वयाची खूण शोधायची असेल तर ती शेंड्याला न शोधता बुडाशी शोधावी, असे माझे मत आहे. दर वेळी शिंग गळताना खुंटाचा थोडासा भाग त्याच्याबरोबर जातो. त्यामुळे खुंट वर्षानुवर्षे आखूड आणि जाड होत जातो. तरुण नरात शिंगाच्या बुडाचे खडबडीत कडे कपाळाच्या केसांपासून स्पष्ट वर उचललेले दिसते, तर जुन्या नरात ते जवळजवळ कवटीवर टेकलेले असते. दांड्याचा घेर आणि बुडाकडचा खरबरीतपणाही वयाबरोबर वाढतो.

मखमलीवरून मात्र वय मुळीच सांगता येत नाही. मध्य भारतात बहुतेक थोराड चितळ उन्हाळ्यात कठीण शिंगांवर असतात, कारण त्यांच्या माजाचा भर पावसाळ्यापूर्वी असतो. तरीही चितळांचे सगळे नर एका वेळी शिंगे गाळत नाहीत, आणि वर्षातल्या कोणत्याही महिन्यात मोठ्या कळपात एखादा मखमलीतला नर सापडतोच.

कातळमाथा

वरील प्रतिसादाशी बव्हंशी सहमत आहे, परंतु घेराबाबत थोडी सावधगिरी हवी. शिंगाचा आकार वय, खाद्य आणि आनुवंशिकता या तिन्हींवर अवलंबून असतो. शिंग उगवण्याच्या काळात लागणारे कॅल्शियम आणि फॉस्फरस केवळ चाऱ्यातून पुरत नाही. नर ते स्वतःच्या बरगड्यांसारख्या हाडांतून उसने घेतो आणि नंतर खाण्यातून भरून काढतो. दुष्काळी वर्षात किंवा आजारपणात ऐन उमेदीतल्या नराचीही शिंगे बारीक निघतात. शिवाय खुंटाला इजा झाली, तर त्या बाजूचे शिंग पुढेही वेडेवाकडे येऊ शकते, आणि मागच्या पायाला मोठी जखम झालेल्या नरांत कित्येकदा विरुद्ध बाजूचे शिंग बिघडलेले आढळते. त्यामुळे एका वर्षीच्या एका शिंगावरून निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते.

सांबराचेही चितळासारखेच आहे: शिंगाला तीन टोके, की झाले. फरक इतकाच, की सांबराचे वेळापत्रक बरेच आखीव असते. हिवाळ्यात माजाच्या वेळी शिंगे कठीण असतात, उन्हाळ्याच्या सुमारास ती गळू लागतात आणि पावसाळ्यात बहुतेक नर मखमलीत दिसतात. आमच्या सह्याद्रीतल्या भेकराकडे पाहाल तर खुंट म्हणजे काय ते लगेच उमगेल: त्याचे खुंट लांबलचक आणि केसाळ असतात, आणि त्यांवर जेमतेम बोटभर लांबीचे शिंग असते.

जंगलात पडलेली शिंगे पाहून अंदाज बांधणाऱ्यांसाठी एक सूचना. साळिंदर अशी शिंगे कुरतडते, आणि चितळेही खनिजांसाठी ती चघळतात. टोक मुळात आखूड होते की कोणी खाल्ले, हे दातांच्या समांतर खोबणींवरून ओळखावे, मात्र जागेवरच पाहून. अभयारण्यातून शिंग उचलून आणणे कायद्याने मना आहे, ते आपोआप गळालेले असले तरीही.

पाणवठा

दोघांचेही आभार. म्हातारपणाविषयी मात्र कुतूहल राहिलेच. फोटो मोठे करून पाहिले. काड्यावाल्या नराचा खुंट केसांच्या वर चांगलाच निघालेला दिसतो. मखमलीतल्या नरात खुंट जवळपास दिसतच नाही. जाड, लोकरट दांडा थेट कपाळातून निघाल्यासारखा वाटतो आणि वरची दोन्ही टोके गोलसर, बोथट आहेत.

सदाहरित

म्हातारपणी शिंगे घटतात. याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याकडचा नसून स्कॉटलंडच्या रम बेटावरचा आहे. तिथे लाल हरणांचा अभ्यास १९५३ पासून चालू आहे, आणि १९७० च्या दशकापासून एकेक हरिण ओळखून त्याच्या आयुष्याची नोंद ठेवली जाते; नरांनी गाळलेली शिंगे गोळा करून वजन केली जातात. जन्मवर्ष ठाऊक असलेल्या या नरांत शिंगांचे वजन साधारण दहाव्या वर्षापर्यंत वाढते आणि मग उतरणीला लागते. उतरत्या वयात वरची टोके आधी आखडतात किंवा नाहीशी होतात, तर बुडाकडचा भाग बराच काळ जाडच राहतो. म्हणजे फांद्या मोजणाऱ्या माणसाला म्हातारा नर आणि पोरसवदा नर एकाच वयाचे वाटतील. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांत याच्या उलट घोटाळा होतो: चांगल्या चाऱ्यावर वाढलेल्या दीड वर्षाच्या नराला कधीकधी दोन्ही शिंगे मिळून आठ टोके असतात, आणि त्याच जातीत शिंगांचा खरा बहर पाच ते सात वर्षांच्या आसपास येतो. रमचे आकडे चितळाला जसेच्या तसे लावू नयेत, कारण प्रत्येक जातीचे आयुर्मान वेगळे असते. चढ आणि उतार यांचा क्रम मात्र सारखा आहे.

या उतरणीमागे दातांचाही वाटा आहे. दाढा झिजल्या की चारा नीट चावला जात नाही, अंग खंगते आणि शिंगांसाठी द्यायला हाडांत काही शिल्लक राहत नाही. मृत जनावराचे वय ठरवायचे असेल तेव्हा तज्ज्ञ शिंगे बाजूला ठेवून दाढांची झीज पाहतात, किंवा दाताच्या मुळावरील थरांचा पातळ छेद घेऊन ते मोजतात. जिवंत नराच्या बाबतीत शिंगाच्या जोडीला अंगकाठी पाहावी: मान छातीला कशी मिळते, पाठ सरळ आहे की खोलगट, आणि चितळाच्या बाबतीत चेहऱ्यावरचा काळसर पट्टा किती गडद आहे.

आपल्या फोटोतील तिसरा नर तरुण खचितच नाही. आखूड खुंट आणि जाड दांडा या दोन्ही खुणा तो पूर्ण वाढ झालेला असल्याचे सांगतात. टोके बोथट आहेत याचा अर्थ शिंग अजून वाढते आहे. मखमलीतल्या शिंगाची वाढ टोकाशीच होते, आणि कठीण व्हायला आले की तेच टोक निमुळते होते. तो उतरणीला लागला आहे की नाही, हे शिंगे पुरती वाढल्याशिवाय सांगता येणार नाही. त्याची पाठ आणि मान दिसेल असा, बाजूने घेतलेला फोटो असल्यास इथे अवश्य द्यावा.