छोटे सॉफ्टवेअर तडीस नेताना आपण काय शिकलात?

प्रश्न (फोंडा)
आमच्या गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांची नोंद, शोध आणि देवघेव सांभाळणारे सॉफ्टवेअर मी फावल्या वेळात लिहीत आहे. मुख्य काम चालते. तरीही सभासदांचे लॉगिन, मोबाईल ॲप, वर्गणीचा हिशेब अशी भर पडतच राहते. ज्यांनी असे काम पूर्ण केले आहे, त्यांनी शेवटचा टप्पा कसा गाठला?

उत्तर (म्हापसा)
आहे तेवढे ग्रंथपालांच्या हाती द्या आणि ते वापरत असताना शेजारी बसा. एका देवस्थानाच्या ग्रंथसंग्रहाचे असेच काम पूर्ण केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, उरलेले खरे काम नव्या सोयींत नसून नोंदींत असते. कुणी ‘बा. भ. बोरकर’ असे शोधतो, जुन्या वहीत मधली जागा न सोडता ‘बा.भ.बोरकर’ लिहिलेले असते, तर कुणी नुसते ‘बाकीबाब’ म्हणतो. तिन्ही वाटांनी तीच पुस्तके सापडायला हवीत. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, स्वतंत्र क्रमांक आहे, पण पुष्कळ जण ‘अ’ला चंद्र जोडून तो टंकतात. दिसायला दोन्ही सारखे असले, तरी संगणकाला ते वेगळे असतात आणि युनिकोडच्या प्रमाणित नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या पद्धतीनेही) एक होत नाहीत. म्हणून नोंद साठवताना व शोधताना दोन्हींचे एकच रूप करणारे फंक्शन आपणच लिहावे लागते. लॉगिन मात्र खुशाल वगळा. एका टेबलावरच्या एका संगणकाला त्याची गरज नाही.

उत्तर (मडगाव)
वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे. परंतु वर्गणीचा हिशेब ग्रंथपालांनी स्वतः मागितला असेल, तर तो टाळू नये. याद्यांचा क्रमही तपासा. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर, त्यामुळे एसक्यूलाइट या डेटाबेसने मूळ पद्धतीने लावलेल्या यादीत ‘काळ’ हा ‘काव्य’च्या आधी येतो. आयसीयू या तयार सॉफ्टवेअर-संचातील मराठीच्या अक्षरक्रमाचे नियम जोडल्यास हे सुधारते. पावसाळ्यात वीज जातेच, तेव्हा बॅकअप ग्रंथपालांना एका बटणाने घेता यावा, आणि तो परत कसा आणायचा हे त्यांच्याकडून एकदा करवून घ्यावे.

प्रश्नकर्ता (फोंडा)
दोघांचेही मनःपूर्वक आभार. लॉगिन आणि मोबाईल ॲप वगळतो. वर्गणीचे ग्रंथपालांना विचारून ठरवतो; आधी लेखकांच्या नावांची एकेक नोंद त्यांच्यासोबत बसून तपासून घेतो.